एस्टोनियाच्या मंत्रीणबाई आणि माझी सही

त्या बाईंची सगळी कारकीर्द मोबाईलच्या एका पडद्यावर मावली होती. जनावरांची डॉक्टर, मग गावच्या पंचायतीची अध्यक्ष, जिल्हाप्रमुख, खासदार, ग्रामीण भागाच्या खात्याची मंत्री, परत खासदार, निवृत्त. प्रत्येक पदापुढे वर्षं दिली होती आणि मंत्रिपदापुढची वर्षं सगळ्यांत थोडी होती. देश एस्टोनिया. नकाशात तो कुठे येतो हे मला शोधावं लागलं. दहा वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं, पण भूगोल माझा पहिल्यापासून कच्चा.

"दोन दिवस यांच्यासंगं राहायचं आहे तुमाले," माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणाले. "महापालिकेतून फोन आला होता, पाहुण्या येऊन राहिल्या म्हणे. इंग्रजी बोलणारी लेडीज नगरसेविका पाहिजे म्हणे. मी म्हटलं, आहे न आमच्या घरी."

तो फोन मला आला नव्हता. माझ्या लेटरहेडवर छापलेला माझा नंबर भासऱ्यांच्या खिशात असायचा.

हे असं कसं झालं ते आधी सांगायला हवं. आमचा प्रभाग पूर्व नागपुरात, नंदनवनच्या पलीकडे. भासरे तिथून दोनदा निवडून आले होते. खोटं कशाला बोलू, माणूस कामाचा. वस्तीत नळ त्यांच्यामुळे आले. कोणाकडे मयत झाली की सगळ्यांत आधी त्यांची गाडी दारात उभी. तिसऱ्या वेळेला सोडत निघाली आणि आमची जागा महिलांसाठी राखीव झाली. त्या संध्याकाळी घरात कोणी धड जेवलं नाही. जाऊबाई चौथी शिकलेल्या, माईक दिसला तरी त्यांच्या तोंडाला कोरड पडायची. मी एम.ए., बी.एड. दुसऱ्या दिवशी सकाळी भासऱ्यांनी माझ्या नवऱ्याला समोरच्या खोलीत बोलावलं. तो परत आत आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते.

"तुले उभं राहा लागते वं," तो म्हणाला.

"मले विचारलं का कोणी?"

"विचारूनच तर राहिलो न."

शाळेचा राजीनामा त्याच आठवड्यात दिला. प्रचाराच्या फलकांवर भासऱ्यांचा चेहरा मोठा होता आणि त्यांच्या खांद्याशी माझा, लहान, डोक्यावर पदर. शाळेत मी कधी पदर घेतला नव्हता, फोटोसाठी जाऊबाईंनी तो पिनांनी बसवून दिला. मी निवडून आले. गुलाल माझ्या केसांतून आठ दिवस निघत नव्हता.

घराच्या समोरच्या खोलीत कार्यालय होतं. पाटी माझ्या नावाची लागली. खुर्ची भासऱ्यांची राहिली. पहिले काही दिवस मी शेजारी खुर्ची टाकून बसायचे. लोक यायचे, "भाऊ, नालीचं पाहा न," "भाऊ, दाखला पाहिजे होता," आणि मग माझ्याकडे बघून, काहीतरी बोलायला हवं म्हणून, "ताई, बऱ्या आहात न?" पंधरा दिवसांनी मी खुर्ची उचलून आत आणली. कोणी विचारलं नाही कुठे गेली म्हणून.

सह्यांचं काम मात्र माझंच. लेटरहेडचा गठ्ठा जेवणाच्या टेबलावर येऊन पडायचा. सगळे कागद कोरे. "खाली सह्या करून ठेवा, मास्तरीणबाई. लोक ताटकळतात दारात." शाळेत पोरींच्या वह्या तपासायचे तशा मी सह्या करत जायचे. एकदा मी म्हटलं, "भाऊजी, वर काय लिहाल ते तरी सांगत जा." ते हसले. "तुमाले कायले टेन्शन? मी आहे न."

घराला कडीकुलूप कधी नव्हतं, हे कोणाला समजावून सांगणं कठीण जातं. दिवसभर दार सताड उघडं. पण बाहेर पडायचं म्हणजे गाडी, आणि गाडी म्हणजे ड्रायव्हर. पन्नाशीचा माणूस, दोन्ही निवडणुका भासऱ्यांसोबत काढलेल्या. मी चप्पल घातली की तो विचारायचा, "ताई, भाऊंले सांगितलं का?" एका दुपारी मी पायीच निघाले. कोपऱ्यापर्यंत गेले. पानठेल्यावरच्या माणसानं "जयभीम ताई, पैदल?" म्हटलं. किराणावाल्यानं विचारलं. शाळेतल्या एका पालकानं स्कूटर थांबवली. मी भाजी घेतली आणि परत आले. भासरे ओसरीत उभे होते. "गाडी होती न घरी," एवढंच म्हणाले.

त्या पाहुण्या येणार असं कळलं त्याच्या चार दिवस आधी माझे वडील आले.

माझं माहेर आमच्याच प्रभागात, मोठ्या रस्त्याच्या त्या बाजूला. वडील एका कारखान्यात फिटर होते, आता घरीच असतात, गुडघे गेलेत. ते आले तेव्हा मी आत होते. पडद्याच्या फटीतून पाहिलं तर ते अर्ज घेऊन आलेल्या लोकांमध्ये बाकड्यावर बसलेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी. त्यांनी मला बोलवा असं कोणाला म्हटलं नाही. त्यांच्याआधी आलेल्या दोघांचं काम होईपर्यंत थांबले, मग उठून भासऱ्यांसमोर गेले. मी चहा घेऊन बाहेर आले.

पिशवीतून त्यांनी एक झेरॉक्स काढली आणि माझ्यापुढे धरली. वस्तीच्या अभ्यासिकेबद्दलचं पत्र होतं. स्थानिक नागरिकांच्या मागणीनुसार सदर अभ्यासिका पाडून त्या जागी समाजभवन बांधावं, अशी शिफारस. खाली माझी सही.

"ही तुयी सही होय का?" वडिलांनी विचारलं.

"होय."

"वाचून केली?"

मी ट्रे हातात धरून उभी होते. बाकड्यावरचे लोक बघत होते.

भासरे म्हणाले, "मामाजी, बसा तर खरं. वस्तीत लग्नाले हॉल नाही. लोकं रस्त्यावर मांडव टाकतात. पोट्टे काय, कुठंबी वाचतील."

"हॉल पाहिजेच," वडील म्हणाले. "मी नाही कुठं म्हणून राहिलो? पण वाचाची जागा मोडून काहून?"

ती अभ्यासिका म्हणजे टिनाच्या छपराची एक लांब खोली. मी लहान असताना वस्तीतल्या माणसांनी रविवारी रविवारी बांधली. वडील सायकलच्या कॅरियरवर विटा बांधून आणायचे आणि मी मागून सायकलला हात लावून चालायचे, विटा पडू नयेत म्हणून. आमच्या घरात एकच खोली आणि आम्ही सहा जण. दहावीपासून बी.एड.पर्यंतचा माझा सगळा अभ्यास त्या खोलीत, खिडकीकडून दुसऱ्या टेबलावर झाला. आता तिथे सकाळी सातपासून पोरं-पोरी बसतात, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं घेऊन.

वडिलांनी चहा पूर्ण प्यायला. निघताना मला म्हणाले, "येळ भेटला तर ये घरी." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला रडता आलं असतं.

मी भासऱ्यांना विचारलं, ते पत्र परत घेता येईल का? ते म्हणाले फाईल पुढे गेली. नवऱ्याला विचारलं. त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला, "दादानं काही विचार करूनच केलं असंल न," म्हणाला आणि आवाज परत वाढवला.

अशा अवस्थेत मी त्या बाईंच्या स्वागताला गेले. सत्तरीच्या होत्या. उंच, पांढरे केस पोरांसारखे कापलेले, पायांत सपाट बूट, पाठीवर शाळकरी मुलीसारखी पिशवी. मी पुष्पगुच्छ दिला, ड्रायव्हरनं भासऱ्यांसाठी फोटो काढले. पहिल्या दिवशी एका सभागृहात त्यांचं भाषण होतं. त्यांच्या देशात माणसं घरी बसून संगणकावर मत देतात, जमिनीचा कागद, डॉक्टरची चिठ्ठी, सगळं तिथेच. सगळा देश आपल्या नागपुरापेक्षा कमी वस्तीचा, असं त्या म्हणाल्या तेव्हा लोक हसले. मला आभाराचं भाषण करायचं होतं. ते ड्रायव्हरनं ऐनवेळी माझ्या हातात दिलं, भासऱ्यांनी कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. त्यात पाहुणीचं नाव एकदा आणि भासऱ्यांचं चारदा होतं. मी ते वाचलं. बाईंना मराठी कळत नव्हतं, पण त्या कागदाकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांना बुटीबोरीला कापडाचा कारखाना दाखवायचा होता. तिथे बिहार-ओडिशाकडच्या मुली मोठ्या यंत्रांसमोर उभ्या होत्या. बाईंनी त्यांना विचारलं, सुट्टी कधी असते, घरी किती महिन्यांनी जाता, राहता कुठे. मी हिंदीत विचारत होते आणि व्यवस्थापक मुलींच्या आधी उत्तरं देत होते. बाईंनी दोनदा शांतपणे सांगितलं, "मला तिच्याकडून ऐकायचंय." एक मुलगी धीर करून म्हणाली की वसतिगृहाचं फाटक सातला बंद होतं. बाईंनी मान हलवली.

परतताना वर्धा रोडवर एक ट्रेलर आडवा झालेला होता. दोन्हीकडची वाहतूक ठप्प. आमच्या मागे बघता बघता ट्रकांची रांग लागली, वळायलाही जागा नाही. फेब्रुवारीची दुपार, पण ऊन लागायला लागलेलं. ड्रायव्हर उतरून पुढे जाऊन आला. "दोन-तीन घंटे पकडा, ताई. क्रेन येऊन राहिली म्हणतात."

मी बाईंना सांगितलं. त्यांनी पहिलं काय केलं असेल तर सीटचा पट्टा सोडला. गाडी टिंग-टिंग वाजायला लागली, ड्रायव्हर मागे वळून बघायला लागला.

"सवय आहे," बाई म्हणाल्या. "अडकल्यासारखं वाटलं की मी आधी पट्टा सोडते. आमच्याकडे हिवाळ्यात समुद्र गोठतो. बर्फ जाड झाला की त्यावरून गाड्या जातात, बेटापासून किनाऱ्यापर्यंत. त्या रस्त्यावर पट्टा लावायला मनाई असते. बर्फ फुटला तर बाहेर पडता यायला हवं."

समुद्रावरून गाडी. मला ते डोळ्यांसमोर आणताच येईना. मी विचारलं, भीती नाही वाटत? म्हणाल्या, वाटते, म्हणून तर दार थोडं उघडं ठेवून चालवायचे त्यांचे वडील.

"ताई, मॅडम काय म्हणून राहिल्या?" ड्रायव्हरनं विचारलं. संध्याकाळी त्याला भासऱ्यांना सगळं सांगायचं असायचं.

"त्यांच्या गावचं सांगून राहिल्या. गाईबैलांचं."

त्यानं मान डोलावली आणि मोबाईल काढला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या गाडीत, याच्या पाठीमागे बसून, मी इंग्रजीत काहीही बोलू शकते. तीन वर्षांत पहिल्यांदा.

बाई त्या बेटावर जन्मल्या होत्या. तेव्हा त्यांचा देश सोव्हिएत राज्यात होता आणि बेट म्हणजे सीमा. बाहेरच्या माणसाला बेटावर यायला परवाना, सख्ख्या आत्यालासुद्धा. अंधार पडला की किनाऱ्यावर जायची बंदी. सैनिक वाळूवर दंताळं फिरवून ठेवायचे, पाऊल उमटलं तर सकाळी कळावं म्हणून. "समुद्र आमच्या दारात होता," त्या म्हणाल्या, "आणि वडील मासेमारी करणारे असून होडीला साखळी. आठ वर्षांची असताना मी एकदा मुद्दाम वाळूवर पाय उमटवून आले. दुसऱ्या दिवशी वडिलांना चौकीवर बोलावलं. ते परत येईपर्यंत आई खुर्चीवरून उठली नाही."

शिकायला त्या बेटाबाहेर गेल्या आणि जनावरांच्या डॉक्टर होऊन परत आल्या. सरकारी सामुदायिक शेतावर नोकरी. रोज वेगवेगळ्या गोठ्यांत जायच्या, त्यामुळे घरोघरची माणसं ठाऊक. मग राज्य बदललं, देश मोकळा झाला. गावाला पंचायत हवी होती आणि अध्यक्ष व्हायला कोणी तयार नव्हतं. "मला निवडलं कारण माझ्याकडे गाडी होती," त्या म्हणाल्या आणि हसल्या. नंतर जिल्हा, नंतर संसद. प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणायचं, तूच कर, आणि त्या करत गेल्या. पन्नाशीत मंत्री झाल्या.

"मग तर चांगलं झालं असेल," मी म्हटलं. "मंत्री म्हणजे अधिकार."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. शेजारच्या ट्रकवाल्यानं सावलीत, चाकाला टेकून डबा उघडला होता.

"मी खात्यात गेले त्याच्या आधीच तीन पक्षांचा करार झाला होता," त्या म्हणाल्या. "काय बंद करायचं, काय चालू ठेवायचं, सगळं ठरलेलं. माझ्या टेबलावर फायली यायच्या त्यांत शेवटचं पान रिकामं. माझ्या सहीसाठी. दुसऱ्याच महिन्यात एक फाईल आली. लहान बेटांच्या बोटींच्या फेऱ्या हिवाळ्यात कमी करायच्या. प्रवासी थोडे म्हणून. यादीत आमचं बेट होतं."

"तुम्ही सही केली?"

"केली. मला सांगितलं, पुढच्या वर्षी बघू. मी त्यावर विश्वास ठेवला. ठेवायचा होता म्हणून ठेवला. त्या हिवाळ्यात बर्फ धड जमला नाही आणि धड वितळलाही नाही. लहान होडी जाईना आणि गाडीही जाईना. आठवडेच्या आठवडे बेट तुटलेलं. शाळेची शिक्षिका निघून गेली, मग लेकरंवाली घरं गेली. माझी बहीण तिथेच राहत होती. तिनं गाई विकल्या आणि किनाऱ्यावरच्या शहरात एका खोलीत येऊन राहिली. मी भेटायला गेले तर तिनं दार उघडलं, मला बसवलं, कॉफी दिली, आणि एक शब्द बोलली नाही. मी तासभर बसले. गाडीत माझा अंगरक्षक वाट बघत होता."

मग त्यांनी मला सरळ विचारलं, "तुमच्या नंबरवर मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा पुरुषानं उचलला. तुमचा टेलिफोन तुमच्याकडे का नसतो?"

आणि मी सगळं सांगितलं. कोरे कागद, खुर्ची, बाकड्यावर बसलेले वडील, अभ्यासिका. माझं इंग्रजी व्याकरणाचं. 'जर-तर'ची वाक्यं फळ्यावर लिहून द्यायचं. त्या भाषेत माझ्या घरातलं दुःख मी कधी बोलले नव्हते, शब्द अडत होते, एकदोनदा मी चुकीचा काळ वापरला आणि स्वतःच दुरुस्त केला. मध्येच ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं. "काय झालं, ताई? रडून राहिल्या?" मी म्हटलं, "धुराने डोळे चुरचुरतात." त्यानं काच वर केली.

बाईंनी हात हातात घेतला नाही की धीरही दिला नाही. त्यांनी विचारलं, "कोरे कागद आता किती आहेत त्यांच्याकडे?"

"माहीत नाही. बरेच असतील."

"दुसऱ्या हिवाळ्याआधी मला परत तीच फाईल आली," त्या म्हणाल्या. "या वेळी उरलेल्या फेऱ्याही बंद. मी सही केली नाही. राजीनामा दिला. माझ्या जागी जो आला त्यानं आठवड्याभरात केली."

"म्हणजे काहीच उपयोग झाला नाही?"

"बेटाला नाही. वर्तमानपत्रानं लिहिलं, मंत्रीण दबाव सहन करू शकली नाही. बहिणीनं त्यानंतर फोन केला. पण आम्ही पहिल्यासारख्या नाही झालो. तुम्हाला मी खोटं सांगणार नाही."

क्रेन आली. तासाभरात रांग हलली. विमानतळावर त्यांना सोडलं तेव्हा त्यांनी एका कागदावर पत्ता लिहून दिला आणि ड्रायव्हरशी हात मिळवला. तो बिचारा लाजला. घरी येताना तो म्हणाला, "चांगल्या होत्या न मॅडम, आपल्या मावशीसारख्या." भासऱ्यांना त्यानं सांगितलं की दोन घंटे गाईबैलांवर बोलत होत्या.

पुढचे तीन दिवस मी काहीच केलं नाही. चौथ्या दिवशी गठ्ठा आला. मी टेबलावरच्या कागदांना हात लावला नाही. भासरे समोरच्या खोलीतून दारापर्यंत आले.

"झाल्या का सह्या?"

"भाऊजी, वर लिहून आणा. वाचते आणि करते."

त्यांना आधी ऐकू आलं नाही असं वाटलं. मग म्हणाले, "कोणी शिकवलं?"

"शिकवलं कोणी नाही. मी मास्तरीण आहे."

ते माझ्याशी पुढे बोललेच नाहीत, नवऱ्याशी बोलले. नवरा आत आला आणि पलंगावर बसून राहिला. "अवं, आपण यायच्याच घरात राहतो," तो म्हणाला. "माहं दुकान यायच्या नावावर चालते. तुले समजत नाही काय?" मला समजत होतं. त्याचीही होडी साखळीला बांधलेली, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं, आणि त्याच्यावर चिडायचं होतं ते जमलं नाही.

तरी मी लिहिलं. लेटरहेडवर नाही, माझ्या मुलीच्या शाळेच्या वहीतून पान काढून. अभ्यासिकेच्या जागेबाबतचं पत्र मी न वाचता दिलेल्या सहीवर गेलेलं आहे, वस्तीतल्या लोकांना विचारल्याशिवाय तिथे काही पाडू नये, आणि यापुढे माझ्या सहीचं पत्र आलं तर मला समक्ष विचारावं. तीनदा खोडलं, चौथ्यांदा स्वच्छ अक्षरात लिहिलं. सकाळी दहाला चप्पल घातली. ड्रायव्हर गाडी पुसत होता.

"ताई, भाऊंले सांगितलं का?"

"नाही सांगितलं. तुम्ही सांगा."

कोपऱ्यावरून ऑटो केला. सगळ्यांनी पाहिलं. झोनच्या कार्यालयात आवकच्या खिडकीवरच्या बाईनं पत्र वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. "मॅडम, तुम्ही स्वतः आल्या? भाऊंचा माणूस येतो नेहमी." मग तिनं शिक्का मारला आणि पोच माझ्या हातात दिली. तिथून मी घरी न जाता वडिलांकडे गेले. ते अभ्यासिकेत बसले होते, वर्तमानपत्र वाचत. मी पोच दाखवली. त्यांनी चष्मा वर करून शिक्का पाहिला आणि म्हणाले, "जेवली का?"

अभ्यासिका तशीच्या तशी वाचली असं नाही. माझ्या पत्रानं काम थांबलं, पाहणी झाली, वस्तीची बैठक झाली. बैठकीत निम्मे लोक माझ्यावरच उठले. एका बाईनं सगळ्यांदेखत विचारलं, "माया पोरीचं लगन का रोडवर करू मी?" तिचंही खोटं नव्हतं. शेवटी ठरलं की खाली हॉल आणि वर अभ्यासिका. तसंच बांधलं. वरची खोली जुन्या खोलीच्या निम्मी. लग्नाच्या दिवसांत खालून बँडचा आवाज येतो, पोरं कानांत बोळे घालून वाचतात. वडिलांना जिना चढवत नाही. ते आता घरीच पेपर वाचतात.

भासरे त्यानंतर माझ्याशी थेट बोलले नाहीत. ताटात वाढलेली भाजी कशी झाली हेही नवऱ्यामार्फत सांगायचे. लेटरहेड मात्र लिहून यायला लागलं. मी वाचायचे, कधी सही करायचे, कधी परत पाठवायचे. परत पाठवलेल्यांपैकी काही कामं दुसऱ्या मार्गानं झाली, हेही मला कळायचं. बाईंना मी एकदा सविस्तर ईमेल लिहिला. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं, की त्या वाचून बराच वेळ बसून होत्या, आणि त्यांच्या बहिणीची तब्येत बरी नाही. पुढे मी लिहिलं नाही, त्यांनीही नाही.

मुदत संपली. निवडणुका लांबल्या, पालिकेवर प्रशासक आला, समोरच्या खोलीतली गर्दी ओसरली. मी जुन्या शाळेत गेले, तर माझी जागा भरलेली. प्राथमिकला घेतलं त्यांनी. लहान पोरांना ए-बी-सी-डी शिकवते. नवरा दुकानात जातो. घर तेच, दार उघडंच.

नवी सोडत निघाली तेव्हा आमची जागा पुन्हा महिलांची राहिली. या वेळी मला कोणी विचारणार नव्हतंच. भासऱ्यांनी जाऊबाईंचं नाव दिलं. ज्या दिवशी ठरलं त्या दिवशी दुपारी त्या माझ्या खोलीत आल्या, दार लोटून घेतलं आणि खाली सतरंजीवर बसल्या. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांना मी अशी बसलेली पाहिली नव्हती, हातात काही काम नसलेली.

"मले वाचता येते थोडं थोडं," त्या म्हणाल्या. "पण ते सरकारी वाचता येत नाही. शिकवशील का वं?"

प्रचार सुरू होईपर्यंत आमच्याकडे अठरा दिवस होते. भासरे दुपारी झोपायचे तेव्हा आम्ही बसायचो. 'सदर' म्हणजे काय, 'शिफारस' म्हणजे काय, 'उपरोक्त' कशाला म्हणतात. त्या बोट ठेवून वाचायच्या, मोठ्यानं, आणि मी दाराकडे बघून त्यांना आवाज कमी करायला सांगायचे. पाचव्या दिवशी त्यांनी एक अख्खं पत्र शेवटपर्यंत वाचलं आणि घाम पुसला.

त्या हरल्या. भासरे म्हणाले, माझ्या त्या पत्रामुळेच मतं फुटली. असेलही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी जाऊबाई दुपारी परत आल्या, त्याच सतरंजीवर बसल्या, आणि पदराखालून माझ्या मुलीचं जुनं चौथीचं पुस्तक काढलं.